गॉर्डन वेल्चमन: एनिग्मा फोडणाऱ्यांची सिस्टीम उभी करणारा गणितज्ञ

एनिग्मा मशीन म्हटलं की आपल्याला अ‍ॅलन ट्युरिंग आठवतात. द इमिटेशन गेम हा २०१४ चा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. त्या सिनेमात गॉर्डन वेल्चमन नावाचं पात्रच नाही. पण जर्मन सैन्याचा एखादा मेसेज हवेतून पकडणं, तो फोडणं, त्याचा अर्थ लावणं आणि तो वेळेत योग्य माणसापर्यंत पोचवणं ही सगळी साखळी ज्यांनी कागदावर आखली आणि मग चालवून दाखवली, ते हेच वेल्चमन.

आज गुप्तचर संस्था एकमेकांशी माहिती शेअर करायला विकी, चॅट आणि कॉमन डेटाबेस वापरतात. अमेरिकेत त्यासाठी इंटेलिपीडिया नावाचा एक विकी आहे आणि तो विकिपीडियाच्याच सॉफ्टवेअरवर चालतो. असं टूल म्हणजे लॉगिन, सर्च आणि एडिटचं बटण, असं आपल्याला वाटतं. पण त्यामागचा मूळ प्रश्न जुना आहे: कोणती माहिती कोणाला, कधी आणि किती दाखवायची? वेल्चमन यांनी तो प्रश्न पेन्सिल, टेलिफोन आणि लाकडी खोल्या वापरून सोडवला होता. आणि आयुष्याच्या शेवटी त्याच प्रश्नाने त्यांना गाठलं.

भूमितीचे प्राध्यापक

वेल्चमन यांचा जन्म १५ जून १९०६ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराजवळचा. वडील पाद्री होते. शाळा मार्लबरो कॉलेजमध्ये, पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये गणित. १९२९ मध्ये ते केंब्रिजच्याच सिडनी ससेक्स कॉलेजात फेलो झाले आणि नंतर तिथले डीनही. त्यांचा विषय होता बीजगणितीय भूमिती. गुप्तहेरगिरीशी त्याचा काही संबंध नव्हता.

युद्ध दिसू लागलं तेव्हा ब्रिटिश सरकारची कोड फोडणारी संस्था हुशार माणसं शोधत होती. प्रमुख होते अ‍ॅलिस्टर डेनिस्टन. त्यांनी केंब्रिज आणि ऑक्सफर्डमधल्या काही जणांना आधीच विचारून ठेवलं होतं. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं आणि वेल्चमन लंडनपासून साधारण ८० किलोमीटरवरच्या ब्लेचली पार्कमध्ये दाखल झाले. ट्युरिंगही त्याच सुमारास आले.

मेसेज न वाचता मेसेज समजून घेणं

एनिग्मा हे टाइपरायटरसारखं दिसणारं मशीन होतं. आत फिरणारी तीन चाकं आणि पुढे अक्षरांच्या जोड्या बदलणारा प्लगबोर्ड. जर्मन भूदल आणि हवाई दल वापरत असलेल्या मॉडेलमध्ये सेटिंगच्या शक्यता होत्या सुमारे १५९ आणि त्यापुढे १८ शून्यं. त्यात सेटिंग रोज बदलायची. म्हणजे दर चोवीस तासांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून.

एनिग्मावरच्या कामाचे मुख्य होते डिली नॉक्स. त्यांनी वेल्चमन यांना मुख्य गटातून बाहेर काढून जवळच्या एका शाळेच्या इमारतीत पाठवलं. काम तसं दुय्यम होतं: मेसेजच्या मजकुराला हात लावायचा नाही, फक्त त्याच्या वरच्या ओळींचा अभ्यास करायचा. कोणत्या स्टेशनने कोणाला पाठवला, किती वाजता, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, मजकूर किती अक्षरांचा. शिवाय त्या दिवशीची कोणती किल्ली वापरली आहे हे सांगणारी तीन अक्षरं. हा सगळा भाग जर्मन लोक उघडाच पाठवत होते.

आजच्या भाषेत याला मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या मेसेजमधला मजकूर एंड टू एंड एन्क्रिप्टेड असतो, पण तुम्ही कोणाशी, कधी आणि किती वेळा बोललात ही माहिती वेगळी असते. नुसत्या तेवढ्यावरूनही माणसाबद्दल बरंच कळतं. वेल्चमन यांना हेच दिसलं. ते वेगवेगळ्या नेटवर्कना रंगीत पेन्सिलींनी खुणा करत गेले. लाल, निळा, हिरवा. हळूहळू समोर जर्मन सैन्याच्या संपर्काचा नकाशाच उभा राहिला. जर्मन हवाई दलाच्या मुख्य किल्लीचं नाव शेवटपर्यंत रेडच राहिलं, ते या लाल पेन्सिलीमुळे.

याच काळात एक गोष्ट घडली. वेल्चमन यांना एनिग्माची सेटिंग शोधण्यासाठी भोकं पाडलेले कागद एकावर एक ठेवण्याची युक्ती सुचली. उत्साहाने ते नॉक्स यांच्याकडे गेले. तिथे कळलं की हे काम आधीपासून चालू आहे. मूळ कल्पना पोलंडचे गणितज्ञ हेन्रिक झिगाल्स्की यांची. मारियान रेयेव्स्की यांनी एनिग्माची आतली रचना १९३२ मध्येच शोधून काढली होती आणि जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळच्या पिरी इथे पोलिश गटाने आपलं सगळं ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंच पाहुण्यांसमोर ठेवलं होतं. पण ब्लेचलीत शेजारच्या इमारतीत बसणाऱ्या वेल्चमन यांना ते कोणी सांगितलंच नव्हतं.

एक देश आपलं सर्वांत मोठं गुपित दुसऱ्या देशांना देतो आणि तेच गुपित पुढे एका आवारातल्या दोन खोल्यांमध्ये पोचत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हा प्रकार रोज बघतो: दोन टीम एकच गोष्ट दोनदा बांधतात, कारण कोणाला कोणाचं काम माहीत नसतं. युद्धात त्याची किंमत वेगळी असते.

हट ६: आधी पाइपलाइन, मग मशीन

तेव्हा एनिग्मा नियमितपणे फुटतही नव्हतं. तरीही १९३९ च्या शेवटी वेल्चमन यांनी उपप्रमुख एडवर्ड ट्रॅव्हिस यांच्याकडे एक योजना मांडली. एनिग्मा फुटायला लागलं की मेसेजचा पूर येईल आणि तेव्हा तो हाताळायला व्यवस्था नसेल, तर फोडून उपयोग काय? त्यामुळे व्यवस्था आधी हवी. ट्रॅव्हिस यांनी ती मंजूर करून घेतली आणि १९४० च्या सुरुवातीला हट ६ सुरू झालं. हट म्हणजे आवारात बांधलेली साधी लाकडी बराक.

ही व्यवस्था आज आपण ज्याला पाइपलाइन म्हणतो तशीच होती:

• रेडिओ स्टेशनवर ऑपरेटर कानाला हेडफोन लावून जर्मन मॉर्स कोड उतरवून घ्यायचे.

• रजिस्ट्रेशन रूममध्ये प्रत्येक मेसेजच्या वरच्या ओळीची नोंद व्हायची.

• कंट्रोल रूम रेडिओ स्टेशनशी सतत फोनवर असायची. आज कोणती फ्रिक्वेन्सी महत्त्वाची आहे हे त्यांना लगेच सांगता यायचं. इथे बसायला लंडनच्या बँकांमधली तरुण मुलं आणली होती.

• मशीन रूममध्ये दिवसाची किल्ली शोधायचं काम. किल्ली सापडली की डीकोडिंग रूममध्ये त्या दिवसाचे मेसेज उलगडले जायचे.

• उलगडलेला जर्मन मजकूर शेजारच्या हट ३ मध्ये. तिथे भाषांतर, अर्थ लावणं आणि सेनापतींकडे काय पाठवायचं याचा निर्णय.

हट ६ आणि हट ३ यांच्यामध्ये एक लाकडी बोगदा होता. कागद ट्रेमध्ये ठेवायचे आणि झाडूच्या दांड्याने ट्रे पलीकडे ढकलायचा. तेव्हाचं सेंड बटण हेच!

हट ३ मध्ये कार्डांचा मोठा इंडेक्सही उभा राहिला. मेसेजमध्ये आलेलं प्रत्येक नाव, तुकडी, ठिकाण, शस्त्र कार्डावर नोंदवायचं आणि एका कार्डावरून दुसऱ्या कार्डाकडे संदर्भ द्यायचा. एखाद्या मेसेजमध्ये आलेलं बिनमहत्त्वाचं वाटणारं अधिकाऱ्याचं नाव चार महिन्यांनी दुसऱ्या मेसेजशी जुळायचं. विकीमध्ये एका पानावरून दुसऱ्या पानाकडे लिंक देतात, त्याचं हे कागदी रूप.

पण या व्यवस्थेला दुसरीही बाजू होती. आत माहिती झपाट्याने वाहायची, पण बाहेर काहीच नाही. हट ६ मधल्या बऱ्याच जणांना आपण फोडलेल्या मेसेजचं पुढे काय झालं हे कधीच कळत नव्हतं. ही माहिती मिळवणाऱ्या बाहेरच्या अधिकाऱ्यांनाही ती बॉनिफेस नावाच्या एका गुप्तहेराकडून येते असं भासवलं जायचं. असा गुप्तहेर अस्तित्वातच नव्हता. साखळीच्या आत शक्य तितकी मोकळीक आणि साखळीभोवती पक्की भिंत: वेल्चमन यांची व्यवस्था या दोन्हींवर उभी होती.

एक तार इकडून, एक तिकडून

मे १९४० मध्ये मोठा धक्का बसला. जर्मनांनी मेसेजची सुरुवात पाठवण्याची पद्धत बदलली आणि भोकांचे कागद एका दिवसात निरुपयोगी झाले. तेव्हा वेल्चमन यांचा केंब्रिजचा विद्यार्थी जॉन हेरिव्हल याची कल्पना कामी आली. दिवसाची नवी सेटिंग लावल्यावर आळशी ऑपरेटर चाकं फारशी न फिरवता पहिला मेसेज पाठवत असणार, असा त्याचा अंदाज. तसं असेल तर वेगवेगळ्या स्टेशनच्या पहिल्या मेसेजची सुरुवातीची अक्षरं एकाच भागात गोळा होतील. तसंच झालं. मेच्या अखेरीस रेड किल्ली पुन्हा फुटू लागली.

कायमचा उपाय होता बॉम्ब नावाचं मशीन. (हा स्फोटाचा बॉम्ब नव्हे, पोलिश गणितज्ञांच्या बोम्बा यंत्रावरून आलेलं नाव.) मूळ रचना ट्युरिंग यांची. मेसेजमध्ये एखादा ठरावीक मजकूर असेल असा अंदाज धरायचा आणि त्याच्याशी विसंगत ठरणाऱ्या सेटिंग मशीनने एकामागून एक बाद करायच्या.

वेल्चमन यांनी त्यात एक भर घातली. एनिग्माच्या प्लगबोर्डमध्ये अक्षरांच्या जोड्या दोन्ही बाजूंनी चालतात: ए चा बी होत असेल तर बी चा ए होणारच. मग मशीनने एक निष्कर्ष काढला की त्याचा उलटा निष्कर्ष आपोआप का लागू होऊ नये? त्यांनी २६ बाय २६ तारांचा एक बोर्ड सुचवला. त्याचं नाव डायगोनल बोर्ड. ट्युरिंग यांना आधी विश्वास बसला नाही, पण आकृती पाहिल्यावर लगेच पटलं.

परिणाम मोठा होता. मार्च १९४० मध्ये आलेल्या पहिल्या बॉम्बमध्ये हा बोर्ड नव्हता. ऑगस्टमध्ये आलेल्या दुसऱ्यात होता. बोर्डमुळे चुकीच्या जागी थांबणं खूप कमी झालं आणि छोट्या अंदाजावरही किल्ली सापडू लागली. युद्ध संपेपर्यंत अशी २०० हून अधिक मशीन चालू होती आणि ती मुख्यतः नौदलाच्या महिला दलातल्या तरुणी चालवत होत्या.

मशीन आहे, माणसं नाहीत

१९४१ च्या शरद ऋतूत ब्लेचलीत मेसेज साचत होते. मशीन होती, गणितज्ञ होते, पण नोंदी करायला, टाइप करायला, मशीन चालवायला माणसं कमी पडत होती. वरिष्ठांकडे मागणी करून काही होत नव्हतं. तेव्हा ट्युरिंग, वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिलनर-बॅरी या चौघांनी सगळ्या पायऱ्या ओलांडून थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिलं. तारीख २१ ऑक्टोबर १९४१. मिलनर-बॅरी ते स्वतः घेऊन डाउनिंग स्ट्रीटला गेले. चर्चिल यांनी लगेच या कामाला सर्वोच्च प्राधान्य द्यायचा आदेश काढला.

मला या प्रसंगात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जगातले सर्वांत हुशार चार लोक पंतप्रधानांकडे काय मागतात? नवं मशीन नाही, तर क्लार्क. माहिती अडली होती ती नोंदीच्या टेबलावर.

ब्लेचलीची संख्या पुढे ९,००० च्या आसपास पोचली आणि त्यात साधारण तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. १९४३ मध्ये वेल्चमन यांनी हट ६ मिलनर-बॅरी यांच्याकडे सोपवलं आणि ते यांत्रिकीकरणाचे सहायक संचालक झाले. अमेरिकेशी समन्वय हाही त्यांच्या कामाचा भाग होता.

एमआयटी, इंटरनेट आणि टाइम स्लॉट

युद्धानंतर त्यांनी तीन वर्षं लंडनच्या जॉन लुइस या दुकान समूहात संशोधन संचालक म्हणून काम केलं. केंब्रिजला परतायची इच्छा राहिली नव्हती. १९४८ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि एमआयटीतल्या व्हर्लविंड कॉम्प्युटर प्रकल्पात रुजू झाले. तिथला कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स त्यांनी शिकवला. त्या वर्गात फ्रँक हार्ट नावाचा विद्यार्थी होता. पुढे १९६९ मध्ये अर्पानेटचे नोड जोडणारी पहिली यंत्रं, म्हणजे आजच्या राउटरचे पूर्वज, ज्या टीमने बनवली तिचं नेतृत्व याच हार्ट यांनी केलं. वेल्चमन यांनी इंटरनेट बनवलं असं मी म्हणत नाही, पण धागा सुंदर आहे.

१९६२ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि त्याच वर्षी माइटर या संस्थेत लागले. काम होतं लष्करासाठी सुरक्षित संपर्क व्यवस्था. आणि इथे हट ६ चा प्रश्न त्यांना नव्या रूपात भेटला. रणांगणावर प्रत्येक विमान, रडार आणि तुकडीकडे थोडी थोडी माहिती असते. ती वर मुख्यालयात जाते, मग पुन्हा खाली येते, तोवर शिळी होते. त्यांचा विचार असा की प्रत्येकाने आपली माहिती एका सामायिक जागेत टाकावी आणि ज्याला जे हवं ते त्याने निवडून घ्यावं.

सामायिक जागा म्हणजे एकच रेडिओ चॅनेल. मग सगळे एकदम बोलले तर गोंधळ होणारच. त्यावर उत्तर टाइम स्लॉटचं: प्रत्येकाला ठरलेला अगदी छोटा वेळ, त्यात आपलं बोलायचं, बाकी वेळ ऐकायचं. माइटरमध्ये या दिशेने झालेल्या कामातून जेटिड्स ही यंत्रणा आली आणि आज नाटो देशांची विमानं वापरतात ते लिंक १६ तिच्याच परंपरेतलं. त्यात एका सेकंदाचे १२८ स्लॉट असतात. तुमच्या घरातल्या जुन्या टूजी फोनमध्येही हेच तत्त्व होतं: जीएसएममध्ये एकाच चॅनेलवर आठ फोन आळीपाळीने बोलायचे.

पुस्तक आलं, क्लिअरन्स गेला

तीसेक वर्षं ब्लेचलीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. १९७४ मध्ये विंटरबॉथम या माजी अधिकाऱ्याचं पुस्तक आलं आणि एनिग्मा फुटलं होतं हे जगाला कळलं. माइटरमधून १९७१ मध्ये निवृत्त होऊन सल्लागार म्हणून काम करणाऱ्या वेल्चमन यांना वाटलं, आता आपणही बोलू शकतो. १९८२ मध्ये त्यांचं द हट सिक्स स्टोरी प्रसिद्ध झालं.

ते नुसत्या आठवणींचं पुस्तक नव्हतं. एनिग्मा नीट वापरलं असतं तर ते फुटलं नसतं, असं त्यांनी तपशिलाने दाखवलं. फुटलं ते आळशी ऑपरेटर, साचेबद्ध मजकूर आणि उघड्या हेडरमुळे. नव्या लष्करी नेटवर्कची आखणी करणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा, हा त्यांचा हेतू होता. त्यासाठी पद्धत सांगणं भाग होतं आणि नेमकी पद्धतच सरकारांना झाकून ठेवायची होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने नापसंती दाखवली. त्यांचा सिक्युरिटी क्लिअरन्स काढून घेतला गेला, त्याबरोबर माइटरचं सल्लागाराचं कामही गेलं. पुस्तकाबद्दल आणि युद्धातल्या कामाबद्दल माध्यमांशी बोलायला मनाई झाली. १९८५ मध्ये ब्रिटनच्या जीसीएचक्यूच्या प्रमुखांनी त्यांना खडसावणारं पत्र लिहिलं. जुने सहकारी मिलनर-बॅरी यांनी गार्डियन वृत्तपत्राला पत्र पाठवून त्याचा जाहीर निषेध केला.

८ ऑक्टोबर १९८५ ला वेल्चमन अमेरिकेत वारले. वय ७९. त्यांचा शेवटचा लेख १९८६ मध्ये छापून आला. विषय होता पोलिश बोम्बा ते ब्रिटिश बॉम्ब. पोलिश गणितज्ञांचं नेमकं श्रेय पुस्तकात नीट आलं नव्हतं, कारण इतकी वर्षं ते त्यांनाच पूर्ण माहीत नव्हतं. मरण्याआधी त्यांनी ती नोंद दुरुस्त केली.

इंटेलिपीडियापर्यंत

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या चौकशी आयोगाने म्हटलं की संस्थांकडे तुकडे होते, ते जोडले गेले नाहीत. तोवरचं तत्त्व होतं नीड टू नो, म्हणजे ज्याला गरज त्यालाच माहिती. आता नीड टू शेअर हा शब्द आला. २००४ मध्ये सीआयएच्या कॅल्विन अँड्रस यांनी विकी आणि ब्लॉग वापरण्याची कल्पना मांडली, आणि २००६ मध्ये इंटेलिपीडिया अधिकृतपणे सुरू झालं. गुप्ततेच्या तीन पातळ्यांसाठी तीन वेगळे विकी. विकिपीडियासारखं निनावी एडिट करता येत नाही. प्रत्येक बदलावर नाव असतं. मग २०१० मध्ये एका सैनिकाने अशाच सामायिक नेटवर्कवरची लाखो कागदपत्रं बाहेर काढली आणि दरवाजे पुन्हा थोडे लोटले गेले.

मुंबईला हा प्रश्न परका नाही. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचना २६/११ च्या आधी आपल्या यंत्रणांकडे होत्या. त्या हल्ल्यानंतर मल्टी एजन्सी सेंटर या समन्वय केंद्राला बळ दिलं गेलं आणि वेगवेगळे सरकारी डेटाबेस जोडणाऱ्या नॅटग्रिडची योजना पुढे आली.

अशा बातम्या वाचताना नव्या पोर्टलचं नाव आणि खर्च लगेच कळतो. वेल्चमन यांच्या आयुष्यामुळे मी आता वेगळे प्रश्न विचारतो. नोंदी करायला माणसं आहेत का? उलगडलेली माहिती पुढच्या खोलीत किती वेळात जाते? भिंत कुठे आहे, ती कोणी घातली आणि ती चुकीच्या माणसासमोर तर उभी नाही ना? झाडूच्या दांड्याने ढकललेल्या ट्रेला या प्रश्नांची उत्तरं माहीत होती. म्हणून ती सिस्टीम चालली.